न्हाणीघराची भिंत ओली आहे, प्लंबर नुसतं बघायला यायचे पाचशे रुपये मागतो. द्यावेत का?

द्या. पर्वरीच्या फ्लॅटसाठी तुम्ही विचारलंय आणि पाचशेचा आकडा तुम्हाला खुपलाय, पण ओल्या भिंतीच्या बाबतीत बघणं हेच मोठं काम असतं. फोडायला कोणालाही येतं. आमच्या घरी हे सगळं होऊन गेलंय म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर तुमच्यासारखंच गोव्यात, फोंडा तालुक्यात, जुनं, चिऱ्यांचं. दिरांनी न्हाणीघर नवीन करून घेतलं तेव्हा सगळे पाइप भिंतीच्या आत घेतले. तिसऱ्या पावसाळ्यात पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. घरात सगळ्यांचं एकच, पावसाची ओल. चिरा पाणी पितो, त्यामुळे मलाही ते पटलं. कौलं परतून झाली, बाहेरून वॉटरप्रूफिंगचा हात मारून झाला, ओल वाढतच गेली. चवथ (गणेश चतुर्थी) तीन आठवड्यांवर आली आणि आमचा गणपती बसतो त्याच भिंतीचा गिलावा हाताला सुटू लागला.

भाऊजींनी ओळखीतला एक माणूस आणला. त्याने आल्या आल्या छिन्नी काढली, तीन टाइल्स फोडल्या, आत थंड पाण्याचा पाइप कोरडा निघाला. व्हाइट सिमेंट थापून, दोन हजार घेऊन गेला.

मग शेजारणीकडून नंबर घेऊन मी दुसऱ्याला बोलावलं. ओडिशातल्या केंद्रापाडाचा मुलगा. देशभर कितीतरी प्लंबर त्याच भागातले असतात, तिथे पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी संस्थाही आहे. त्याने आधी मीटर कुठे ते विचारलं. नळाला पाणी होतं. टाकीत पडणारा कॉक बंद करून तो दहा मिनिटं मीटरपाशी उभा राहिला. काटा हलला नाही, म्हणजे मीटरपासून टाकीपर्यंतची लाइन ठीक. मग आत येऊन त्याने भिंतीवर तळहात टेकला. सासूबाईंची आंघोळ नुकतीच झाली होती. "दीदी, हाथ लगाओ. बारिश का पानी गरम नहीं होता." मी हात लावला. भिंत कोमट होती.

ओलीच्या कडेने त्याने पेन्सिलीने रेघ मारली, गीझरला पाणी जातं तो कॉक बंद केला आणि परवा येतो म्हणाला. दोन दिवस आम्ही चुलीवर पाणी तापवलं. तिसऱ्या दिवशी ओल त्या रेघेपासून चार बोटं आत सरकली होती, आणि बाहेर पाऊस तर थांबलाच नव्हता.

दोष असा निघाला की गीझरपासून शॉवरपर्यंतची लाइन यूपीव्हीसीची, म्हणजे साध्या पांढऱ्या प्लास्टिक पाइपची होती. तो पाइप थंड पाण्याचा. गरम पाण्याने मऊ पडतो, सांधे सुटतात. गरम पाण्याला सीपीव्हीसीच हवा, तो ९३ अंशांपर्यंत टिकतो. ओळखायला सोपं आहे, पाइपवर मानकाचा क्रमांक छापलेला असतो: सीपीव्हीसीवर आयएस १५७७८, यूपीव्हीसीवर आयएस ४९८५ किंवा एएसटीएम डी १७८५. भिंत बुजवण्याआधी स्वतः वाचा. आमच्याकडे ते कोणी वाचलं नव्हतं, आणि पाइप भाऊजींनी स्वतः निवडून आणले होते, प्लंबरवर विश्वास नाही म्हणून.

त्या मुलाने एकही टाइल फोडली नाही. जुनी गरम लाइन दोन्ही टोकांना बंद केली आणि नवीन सीपीव्हीसी भिंतीवरून, क्लॅम्प मारून नेली. बघायचे पाचशे धरून सगळे मिळून ४,८०० घेतले. चवथीच्या आधी भिंत सुकली, गिलावा झाला, रंगही झाला.

भाऊजी आजही म्हणतात की भायल्याला, म्हणजे बाहेरच्याला, पाच हजार घातले आणि वर पाइप दिसतो तो दिसतोच. त्यावर माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आज आहे. पाइप दिसला म्हणून घराची शोभा जात नाही, भिंत कुजली की जाते. गळती डोळ्यांसमोर झाली तर दोनशेच्या सांध्यात भागतं. आणि कामाला हात लावण्याआधी जो माणूस मीटर बघतो, तो कुठल्या गावचा हे विचारायची मला गरज वाटत नाही. आमच्या गावात आठ-आठ दिवस निरोप पाठवून एकजण आला नव्हता, हेही भाऊजींना ठाऊक आहे.

तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं: माणूस हार्डवेअरच्या दुकानात किंवा शेजाऱ्यांकडे विचारून शोधा. मजुरी आणि सामान वेगवेगळं लिहून घ्या, पूर्ण आगाऊ देऊ नका. नळाचा वॉशर, जाळीतला कचरा असल्या कामांना कोणाला बोलावू नका.

एक सांगायचं राहिलं. ओडिशाचा म्हणजे चांगलाच असं मी म्हणत नाही, नंतर एकाने आमचा फ्लश टँक बिघडवूनही ठेवला. आणि आमचं घर बैठं आहे, तुमचा फ्लॅट. वरच्यांच्या न्हाणी ट्रॅपमधून, म्हणजे न्हाणीघराच्या जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्यातून, पाणी उतरत असेल तर तुमचे सगळे कॉक बंद करूनही ओल हटणार नाही. तसं झालं तर वरच्या घरात प्लंबरला घेऊन जावं लागेल, आणि त्या खर्चाचं बोलणं सोसायटीच्या सेक्रेटरीला समोर ठेवून आधीच करून घ्या.