गाजलेली कादंबरी अर्ध्यात सोडली, तर तिच्याबद्दल वाईट बोलण्याचा हक्क मला आहे का?

सगळे डोक्यावर घेतात अशी एक जाडजूड कादंबरी तुम्ही १४० व्या पानावर मिटलीत, मित्रमंडळींत "रटाळ आहे" म्हणालात, आणि "आधी पूर्ण वाच, मग बोल" हे ऐकून गप्प बसलात, असं तुम्ही लिहिलंय.

हक्क आहे. गप्प बसायला नको होतं. हेच वाक्य मला अकरा वर्षांपूर्वी ऐकवलं गेलं आणि ते अजून खुपतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही सहाजण महिन्यातून एकदा भेटून एका पुस्तकावर बोलायचो. त्यातला एक माझा कॉलेजपासूनचा मित्र. वाचन माझ्यापेक्षा दांडगं, आणि हातात पेन्सिल असल्याशिवाय पुस्तक उघडायचा नाही. त्या महिन्याची कादंबरी त्यानेच सुचवली होती आणि मला स्वतःची प्रत दिली होती. समासात बारीक अक्षरात खुणा: कुठे "वा!", कुठे "इथे थांब", कुठे नुसती उभी रेघ. अशी प्रत वाचताना माणूस शेजारी बसल्यासारखा वाटतो. मला ते आवडायचं, हेही सांगते.

कादंबरीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर बोलणं तिच्यावरच घसरेल. एका घराच्या तीन पिढ्यांची गोष्ट. थोरली सून जवळजवळ प्रत्येक प्रसंगात हजर. दार उघडते, आजाऱ्याच्या उशाशी बसते, भांडणं सुरू झाली की आत निघून जाते. तिच्याबद्दल सगळे बोलतात, ती बोलत नाही. शंभरेक पानांनंतर मला राहवेना, मी मागे जाऊन मोजायला लागले. २१२ पानांत तिच्या तोंडी चार वाक्यं होती, त्यातलं एक नुसतं "हो". २१२ व्या पानावर तिचं मूल जातं आणि लेखक पुढचं दीड पान नवऱ्याच्या दुःखाला देतो. मी पानाचा कोपरा दुमडला आणि पुस्तक बाजूला ठेवलं. कंटाळा नव्हता तो, राग होता.

भेटीत मी म्हणाले, "या लेखकाला बाई दिसते, ऐकू येत नाही."

"किती वाचलंस?"

"दोनशे बारा पानं."

"पाचशेतली? मग हे तुझ्या अधीरपणाबद्दलचं मत झालं, पुस्तकाबद्दलचं नाही."

बाकीचे हसले. मग त्याने फ्रेंच लेखक आंद्रे जीदचा किस्सा काढला. मार्सेल प्रूस्त या फ्रेंच कादंबरीकाराच्या महाकादंबरीचा पहिला खंड १९१२ मध्ये ज्या प्रकाशनाने नाकारला, तिथे जीदचा शब्द चालायचा. प्रूस्तला १९१३ मध्ये पदरचे पैसे घालून तो दुसरीकडे छापावा लागला. जीदने हस्तलिखित धड वाचलंच नव्हतं. इकडे तिकडे उघडून पाहिलं, कपाळातून मणके दिसतात अशा अर्थाच्या एका वाक्याला अडखळला आणि सोडून दिलं. जानेवारी १९१४ मध्ये त्याने प्रूस्तला माफीचं पत्र लिहिलं. "तू जीद आहेस," मित्र म्हणाला. मी गप्प बसले. तुमच्यासारखीच.

पुढच्या भेटीला मी उत्तर म्हणून टॉलस्टॉयचं उदाहरण घेऊन गेले. शेक्सपियर टॉलस्टॉयला कधीच पटला नाही, आणि त्याने काय कमी वाचला होता? पन्नास वर्षं, रशियनमध्ये, इंग्रजीत, जर्मन भाषांतरात. पंच्याहत्तरीत पुन्हा सगळी नाटकं वाचली, मत तेच राहिलं, आणि १९०६ मध्ये शेक्सपियरवरचा त्याचा तो सडेतोड निबंध छापून आला. आता याला काय म्हणायचं? याने तर पुरतं वाचलं होतं. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने १९४७ मध्ये या निबंधाला उत्तर दिलं, पण "तुम्ही किती वाचलंत" असं नाही विचारलं. शेक्सपियरच्या नाटकातल्या, राज्य मुलींना देऊन टाकणाऱ्या लिअर राजाची गोष्टच टॉलस्टॉयला एवढी का झोंबावी, हे त्याच्या आयुष्याशी ताडून पाहिलं. ऑर्वेलचं सगळंच मला पटत नाही, पण वाद घालायचा तर असा. मुद्द्याला हात घालून.

मित्राने खांदे उडवले. "तू अजूनही पुस्तक पूर्ण केलेलं नाहीस."

चार महिन्यांनी मी ते पूर्ण केलं. त्याच्यासाठी नाही, ती सून डोक्यातून जाईना म्हणून. २६० व्या पानावर ती बोलायला लागते. पुढची चाळीस पानं सलग तिची आहेत, त्यात मुलाचं जाणं पुन्हा येतं, या वेळी तिच्या तोंडून, आणि आधीची चारही वाक्यं तेव्हा ती का बोलली हे कळतं. त्या पानांच्या समासात त्याच्या पेन्सिलची एकही खूण नाही. तिथे त्याला लिहावंसंच वाटलं नसणार, इतकी ती पानं चांगली आहेत.

आता माझी तक्रार ऐका. त्याला २६० वं पान माहीत होतं. "अजून अठ्ठेचाळीस पानं वाच, मग भांडू," एवढं म्हणाला असता तर मी त्याच रात्री वाचलं असतं. तेवढं सोडून त्याने माझी पानं मोजली. ज्याच्याकडे उत्तर आहे त्याने ते पान उघडून दाखवावं. "पूर्ण वाच" म्हणून दटावणाऱ्याला पुस्तकाची बाजू घ्यायची नसते, समोरच्याला खाली बसवायचं असतं. असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

माझंही चुकलं होतं. "या लेखकाला" म्हणायला नको होतं. मी वाचलेल्या २१२ पानांबद्दल बोलायला हवं होतं, आणि त्या पानांबद्दलचं माझं मत पुढचं वाचूनही बदललेलं नाही. वाचकाला २५९ पानं ताटकळत ठेवायचं तर काही जण उठून जाणार, हे लेखकाने गृहीत धरावं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर "रटाळ" हा शब्द मात्र सोडा, त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. कुठल्या पानावर जीव उबगला, तिथे काय चाललं होतं, ते सांगा. आणि १४० व्या पानावर सोडलंय हे आधीच सांगून टाका, म्हणजे कुणाला विचारावं लागणार नाही.

हो, भाषांतर वाचत असाल तर भाषेला नावं ठेवताना जपून, दोष भाषांतरकाराचा असू शकतो. आणि पैसे घेऊन परीक्षण लिहिणाऱ्यांना यातली कुठलीच सवलत नाही, त्यांनी शेवटच्या पानापर्यंत वाचलंच पाहिजे.

ती प्रत अजून माझ्याकडे आहे. आमचं बोलणं पुढे कमी होत गेलं, परत द्यायची राहिली. २१२ व्या पानाचा कोपरा दुमडलेलाच आहे. २६० व्या पानाच्या समासात मी माझ्या पेन्सिलने लिहिलंय: "हे दाखवायचं होतंस."