बेसबॉलच्या कॅचरचं करिअर कसं असतं? नुसते चेंडू पकडायचे एवढे पैसे का देतात?

'नुसते चेंडू पकडायचे' हे वाचलं आणि लिहायला बसलो. एरवी मी इथे गुपचूप वाचून जातो.

प्रश्नाखाली तुम्ही दिलंय की न्यू जर्सीतला तुमचा भाचा शाळेच्या टीममध्ये कॅचर (क्रिकेटमधल्या कीपरसारखा, बॅटरच्या मागे बसणारा) आहे, त्याला पुढे हेच करायचंय आणि तुमच्या बहिणीला त्यात काही भवितव्य दिसत नाही. बहिणीच्या काळजीकडे नंतर येतो. मी बरीच वर्षं सेंट लुईसमध्ये राहतोय, त्यामुळे माझ्या लेखी कॅचर म्हणजे यादिएर मोलिना. हे पटत नसेल तर खालची उत्तरं वाचा, राग नाही.

मोलिना पोर्तो रिकोतल्या बायामोनचा. 2000 च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तो) सेंट लुईसच्या कार्डिनल्स टीमने त्याला चौथ्या फेरीत उचललं, 2004 मध्ये तो मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, उतरला आणि 2022 मध्ये त्याच टीममधून निवृत्त झाला. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे 2,184 मॅच. एकाच टीमसाठी एवढ्या मॅच दुसऱ्या कुठल्याही कॅचरने केलेल्या नाहीत. नऊ गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फील्डिंगचं बक्षीस), 2006 आणि 2011 ची वर्ल्ड सिरीज (मेजर लीगचं अजिंक्यपद). बेंजी आणि होसे हे त्याचे दोन थोरले भाऊ, तेही कॅचर, तेही मेजर लीगमध्ये, आणि तिघांकडेही वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्यांना मिळते ती अंगठी. आणि एवढं सगळं करून त्याची बॅटिंग? अख्ख्या कारकिर्दीचा हिशेब केला तर लीगच्या सरासरीहून जराशी खालीच.

इथे माझा चुलतभाऊ येतो.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आम्ही मुंबईत एकाच क्लबकडून कांगा लीग खेळायचो, तो कॅप्टन आणि मी कीपर. क्लबचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. कांगा लीग म्हणजे भर पावसाळ्यात, ओल्या पिचवर. एक चेंडू घोट्याशी राहतो आणि दुसरा कानाजवळून जातो, तिथे विकेटच्या मागे उभं राहणं काय असतं ते उभं राहिलेल्यालाच कळतं. मी बरा कीपर होतो, बॅटिंग मात्र शेवटून दुसरा. एका मोसमात दादाने मला बसवलं आणि आमच्या ओपनरच्या हातात ग्लोव्ह्ज दिले. म्हणाला, "कीपिंग काय रे, कुणीही करतं. रन कोण करणार?" पुढची मॅच आम्ही एका विकेटने हरलो. त्यात बाय किती गेले ते दादाला आजही विचारू नका. विचारलंत तर तो ओपनरच्या चाळीस रन्स सांगतो.

तर हा दादा 2010 च्या उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आला आणि मी त्याला कार्डिनल्सच्या बुश स्टेडियमवर घेऊन गेलो. मुद्दाम होम प्लेटच्या बरोबर मागची, वरच्या मजल्यावरची तिकिटं काढली. स्वस्तही पडतात आणि कॅचरचं काम तिथूनच सगळ्यात चांगलं दिसतं. सेंट लुईसचा जुलै म्हणजे मुंबईचा मे परवडला. दादा घाम पुसत शेंगदाणे खात होता. मोलिना तेव्हा बॅटिंगला खालीच यायचा. आला, साधा ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) मारून आउट झाला, परत निघाला, आणि आजूबाजूची माणसं टाळ्या वाजवायला लागली.

"अरे, आउट झाला ना तो?"

"हो."

"मग टाळ्या कसल्या वाजवतायत?"

मी म्हटलं, पुढची इनिंग बघ. चेंडूकडे बघू नकोस, फक्त याच्याकडे बघ.

पहिल्या बेसवर एक रनर होता (बेस फिरून होम प्लेटला परत आला की एक रन). चांगला चपळ दिसत होता, पण बेस सोडून जेमतेम दोन पावलं पुढे. दादाने विचारलं, हा पळत का नाही? म्हटलं, तेच तर. होम प्लेटपासून दुसरा बेस 127 फुटांवर. पिचरचा (म्हणजे बोलरचा) चेंडू हातात आल्यापासून तो तिथे पोचेपर्यंत चांगल्या कॅचरला दोन सेकंदांच्या आत सगळं उरकावं लागतं, उठणं, चेंडू मिटमधून (कॅचरच्या ग्लोव्हमधून) काढणं आणि फेकणं. मोलिनावर स्टील करायला, म्हणजे चेंडू टाकला जात असताना पळून पुढचा बेस गाठायला, गेलेल्यांपैकी कारकिर्दीत साधारण 40 टक्के आउट झाले, आणि बरेचसे तर त्याच्यापुढे जायच्या भानगडीतच पडले नाहीत. आता हे न पळणं कुठल्या रकान्यात लिहिणार? स्कोअरबुकात न पळलेल्या रनरला जागा नसते.

मग रनर कसाबसा तिसऱ्यावर पोचला आणि पिचरने कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) टाकला, प्लेटच्या अलीकडेच मातीत. माझं काळीज लक्कन हललं, सवयीने. मोलिना चेंडू पकडायला गेलाच नाही. दोन्ही गुडघे खाली, खांदे आत, हनुवटी छातीला, आणि चेंडू अंगावर घेऊन समोरच पाडला. रनर होता तिथेच राहिला. ही एक रन वाचली. दादा म्हणाला, "ठीक आहे, पण ते त्याचं कामच आहे." हेच तर मी विशीपासून सांगतोय की ते काम आहे!

परतीच्या गाडीत पुन्हा तेच. रन कुठायत, रन कुठायत. शेवटी मी त्याला 2006 ची गोष्ट सांगितली.

त्या सीझनमध्ये मोलिनाची सरासरी होती .216, म्हणजे बॅटिंगच्या हजार संधींमागे 216 हिट. दादाच्या हिशेबाने बाकावर बसवायचा खेळाडू. नॅशनल लीगची (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा अमेरिकन लीग) फायनल, न्यू यॉर्क मेट्सशी सातवी मॅच, न्यू यॉर्कचं शे स्टेडियम, नवव्या इनिंगमध्ये 1-1. मोलिनाने दोन रनांचा होमर (मैदानाबाहेर गेलेला फटका, आपला सिक्सर) मारला, 3-1. एवढं ऐकून दादा खूष, "बघ, शेवटी बॅटिंगच!" पुढे ऐक म्हटलं. मेट्सच्या शेवटच्या इनिंगमध्ये बेस भरलेले, दोन आउट, समोर कार्लोस बेल्ट्रान, आणि पिचर अॅडम वेनराइट, नवखा पोरगा. मोलिना माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) गेला, पहिला चेंडू सिंकर (खाली बुडणारा) टाकायचा असं ठरलं. परत येऊन प्लेटमागे बसला आणि बेत बदलला, बोटांनी चेंजअपची (फसव्या हळू चेंडूची) खूण केली. स्ट्राइक (अशा तीन झाल्या की बॅटर आउट). मग कर्व्ह, फाउल. मग पुन्हा कर्व्ह, आणि बेल्ट्रान बॅट खांद्यावर ठेवून बघत राहिला. आउट. हे वेनराइटनेच नंतर सांगितलंय. आपल्याकडे बोलर काय टाकायचं ते स्वतः ठरवतो आणि कीपर बिचारा अंदाज बांधतो. इथे चेंडू कुठला आणि कुठे, हे बहुतेक वेळा कॅचर सुचवतो. एका मॅचमध्ये आपल्या बाजूचे दीडशेच्या आसपास चेंडू, प्रत्येकाला विचार, तोही उकिडवं बसून. पूर्वी बोटांच्या खुणा असायच्या, 2022 पासून मनगटावर किंवा पॅडवर बटणं असतात. डोकं मात्र तेच लागतं. वेनराइट आणि मोलिना या जोडीने पुढे 328 मॅच एकत्र सुरू केल्या, हा विक्रम आहे.

दादा गप्प बसला. पटलं म्हणून नाही, झोप लागली म्हणून.

आता पैशांचं. कॅचरना पैसे मिळतात कारण असं काम करणारी माणसं कमी आहेत आणि त्यांची शरीरं लवकर झिजतात. मोलिनाला 2013 पासूनच्या पाच वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलर मिळाले. मिनेसोटाच्या जो माउअरला 2010 मध्ये आठ वर्षांचे 18 कोटी 40 लाख. पण हे शिखरावरचे. 2026 मध्ये मेजर लीगमधला किमान पगार 7 लाख 80 हजार डॉलर आहे आणि तिथवर पोचायच्या आधी मायनर लीगच्या पायऱ्या चढाव्या लागतात. 2023 च्या करारानुसार सगळ्यात वरच्या ट्रिपल-एमध्ये सुद्धा वर्षाला किमान 35,800 डॉलर, आणि खाली त्याहून कमी. बसचे प्रवास, परक्या गावात भाड्याच्या खोल्या. बहुतेक मुलं तिथेच संपतात. हे बहिणीला खरं खरं सांगा.

तरी एक गोष्ट कॅचरच्या बाजूची आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. बाकीच्या जागांवर बॅट चालली नाही की माणूस घरी जातो. कॅचर टिकतो. यादिएरचा मधला भाऊ होसे घ्या. कारकिर्दीची सरासरी .233, पळायच्या नावाने बोंब, आणि तरी मेजर लीगमध्ये पंधरा सीझन. 2014 मध्ये त्याची सरासरी होती .178, एक होमर नाही, वय 39, आणि टॅम्पा बे त्याला खेळवत होती. का? कारण स्ट्राइक झोनच्या (ज्या चौकटीतून गेलेला चेंडू स्ट्राइक धरतात तिच्या) काठावरचा चेंडू तो असा शांतपणे घ्यायचा, मिट जराही न हलवता, की अंपायर स्ट्राइक द्यायचा. याला फ्रेमिंग म्हणतात. आकडेवारीवाल्यांनी ते मोजायला सुरुवात केली आणि अचानक होसेची किंमत सगळ्यांना कळली. एवढी वर्षं डोळ्यांना दिसत होतं तेव्हा कुणी विचारत नव्हतं, कॉम्प्युटरने सांगितल्यावर मान्य! मला त्या कॉम्प्युटरवाल्यांचे आभार मानायचे की त्यांच्याशी भांडायचं हे अजून ठरत नाही.

आपल्याकडे भारताचे कीपर नरेन ताम्हाणे होते. 21 टेस्ट, 51 बळी, सुभाष गुप्त्यांच्या फिरकीला स्टंपमागे उभे राहिलेले, आणि बॅटिंगची सरासरी दहाच्या आसपास. आज ताम्हाण्यांना कुठलीही टीम पहिल्या पंधरातसुद्धा घेणार नाही. दादासारख्यांनी क्रिकेटमधून ही जात संपवली. बेसबॉलमध्ये ती अजून आहे, म्हणून मी या खेळाच्या प्रेमात पडलो.

निवृत्तीनंतरचंही बघा. सगळा खेळ समोर ठेवून बसलेला मैदानावरचा माणूस एकच, त्यामुळे टीमचे मॅनेजर (बेसबॉलमध्ये म्हणजे मुख्य कोच) पुष्कळदा जुने कॅचर असतात. चार वर्ल्ड सिरीज जिंकलेला ब्रूस बोची, 2023 पर्यंत शिकागो कब्जचा मॅनेजर असलेला डेव्हिड रॉस. क्लीव्हलंडचा स्टीव्हन व्होट 2022 मध्ये खेळणं थांबवतो आणि 2024 मध्ये मॅनेजर होतो. रॉस तर जवळजवळ आयुष्यभर राखीव कॅचर. भाच्याला मेजर लीगचा स्टार होता आलं नाही तरी कॉलेजची स्कॉलरशिप, कोचिंग, स्काउटिंग हे रस्ते या जागेवरून जास्त उघडतात, असं माझं मत आहे.

आता बहिणीची काळजी. ती चुकीची नाही, फक्त तिने पैशांऐवजी डोक्याची करावी. बॅटला निसटता लागलेला ताशी 150 किलोमीटरचा चेंडू मास्कवर आदळतो, तो वर्षानुवर्षं. मोलिनाच्या आधी कार्डिनल्सकडे माइक मॅथिनी होता, त्याची कारकीर्द असल्याच आघातांनी 2006 मध्ये थांबली. माउअर 2013 मध्ये अशाच माराने कॅचरची जागा सोडून पहिल्या बेसवर गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या बस्टर पोझीचा पाय 2011 मध्ये होम प्लेटवरच्या धडकेत मोडला. त्यानंतर 2014 मध्ये अशा धडका रोखणारा नियम आला. पोझी 34 व्या वर्षीच निवृत्त झाला. खुद्द मोलिनाला 2018 मध्ये एक फाउल टिप नको तिथे लागली, तातडीने ऑपरेशन, आणि महिन्याभरात पुन्हा प्लेटच्या मागे. हे ऐकून भाचा रोमांचित होईल, त्याला होऊ देऊ नका. डोक्याला मार बसला की डॉक्टरने सोडल्याशिवाय मैदानात नाही, कोच काहीही म्हणो. आणि शाळेच्या वयात वर्षाचे बारा महिने फक्त कॅचिंग नको, मधल्या मोसमात दुसरा खेळ किंवा दुसरी जागा.

फ्रेमिंगबद्दल वर मी एवढं बोललो, त्याला एक पुरवणी. 2026 पासून मेजर लीगमध्ये अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या (चेंडू स्ट्राइक झोनच्या बाहेर की आत) निर्णयाला आव्हान देता येतं. बॅटर, पिचर किंवा कॅचर डोक्याला हात लावतो आणि यंत्र निकाल सांगतं. टीमला अशी दोन आव्हानं, बरोबर निघालं तर शिल्लक राहतं. म्हणजे होसेसारख्यांची कला थोडी स्वस्त होणार. पण आव्हान कधी घ्यायचं हे ठरवायला चांगली नजर कुणाची असणार? जो चेंडूच्या रेषेत बसलाय त्याचीच.

आणि दादाची बाजूही मांडतो, नाहीतर तो मला फोन करेल. 2025 मध्ये सिअॅटलच्या कॅल रॅलीने 60 होमर मारले, कॅचरने एका सीझनमध्ये एवढे कधीच मारले नव्हते. फॅमिली ग्रुपवर दादाने ती बातमी टाकली, खाली फक्त "??". मी उत्तर दिलं की हाच रॅली 2024 मध्ये अमेरिकन लीगचा प्लॅटिनम ग्लोव्ह घेऊन गेलाय, म्हणजे त्या लीगमधला त्या वर्षीचा सर्वोत्तम फील्डर, आणि ते बक्षीस होमरवर मिळत नाही. दादाने अंगठा पाठवला. वहिनींनी दोघांना जेवून घ्या म्हणून सांगितलं.

तेव्हा भाच्याने बॅटिंग करावी, जरूर करावी, आजच्या बाजारात तिच्याशिवाय कॉलेजचे कोच लवकर वळून बघत नाहीत. पण तो कुणाला सांगताना "मी बॅटर आहे, आणि कॅचिंगही करतो" असं म्हणत असेल तर त्याला थांबवा आणि वाक्य उलटं करायला सांगा.

एक विचारायचं राहिलंच. भाचा चेंडू कुठल्या हाताने फेकतो? डाव्या हाताने फेकत असेल तर वरचं सगळं विसरा. मेजर लीगमध्ये डावखुरा कॅचर म्हणून ज्याचं नाव निघतं तो पिट्सबर्गचा बेनी डिस्टेफानो, 1989 मध्ये, आणि तोसुद्धा जेमतेम तीन मॅच. त्याला पिचर करा.