होडी बांधणाऱ्याच्या नातवाला

सातपूर, नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

डहाणूला परत जाऊन आजोबांच्या हाताखाली होडी बांधायला शिकायचं म्हणतोस, वाचून फार आनंद झाला. डिग्री मात्र सोडू नकोस. आजोबांकडे नाही ते तुझ्याकडे आहे: ड्रॉइंग.

तळाचं मुख्य लाकूड बसलं की पुढची सगळी गोलाई आजोबांच्या नजरेत असते, कागदावर काहीच नसतं. मी आयुष्यभर फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे धातूच्या ओतकामाचे नमुने, केले, म्हणून सांगतो, अशी नजर गेली की गेली. ती मापात उतरवून ठेवता येते, पण माणूस हयात असेपर्यंतच. नौदलात २०२५ मध्ये दाखल झालेलं 'कौंडिन्य' बघ. त्या दोरीने फळ्या शिवलेल्या जहाजाचा जुना आराखडाच नव्हता. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून आकार ठरवावा लागला, आयआयटी मद्रासमध्ये मॉडेलच्या चाचण्या झाल्या. फळ्या शिवायला केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर होते. म्हणजे हात शिल्लक होते, माप हरवलं होतं. तुमच्या घरी आज दोन्ही आहे.

तेव्हा होडी उभी राहत असताना मधोमध दोरी ताण, ओळंबा लाव आणि दर दोन फुटांवर दोरीपासून फळीपर्यंतचं अंतर लिही, तेही तीन-तीन उंचींवर. नुसता व्हिडिओ काढून थांबू नकोस. व्हिडिओत हात दिसतो, आजोबांनी एखादी फळी का बाजूला सारली ते दिसत नाही. ते विचारून त्याच दिवशी लिहून ठेव.

सुरुवातीला दुरुस्तीचीच कामं घे. फळ्यांच्या सापटीतला जुना कापूस काढून तेल-राळेतला नवा ठोकताना लाकूड कुठून कुजतं ते कळतं. हॉटेलांसाठी छोट्या प्रतिकृती करायला सांगणारे भेटतील. पैशांसाठी कर, पण त्यालाच होडी बांधणं समजू नकोस, कारण त्या पाण्यात जात नाहीत आणि त्यातली चूक कुणालाच कळत नाही. आणि फायबरची होडी घेणाऱ्या कोळ्यावर रागावू नकोस. तिची देखभाल कमी, त्याला रोज समुद्रात जायचंय. तुझ्याकडे दुरुस्तीला आलेली लाकडी होडी वेळेत आणि चोख परत गेली, तरच तो पुढची लाकडी सांगेल.

मित्र म्हणतात, नाशकात बसून होड्यांचं काय? त्यांना पांडवलेणीत दहाव्या लेण्यात घेऊन जा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने तिथल्या लेखात इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्याचं कोरून ठेवलंय. दाहनुका म्हणजे तुमच्या डहाणूची नदी. आणि दमण म्हणजे दमणगंगा, ती तर आपल्याच जिल्ह्यात उगम पावते.

खरी अडचण लाकडाची आहे. आतल्या फासळ्यांना बाभळीचं मुळातच बाकदार लाकूड लागतं. सरळ लाकूड कापून बाक काढला की रेषा तुटतात आणि नेमकी तिथे चीर जाते. असे बाक सिन्नर-निफाडच्या बांधांवर मिळतील. झाड तोडण्याची परवानगी आणि वाहतुकीचा परवाना यांची चौकशी मी करतो. तू आजोबांना विचारून प्रत्येक फासळीचा साचा पातळ प्लायवर कापून पाठव, जाडी वर लिही. साचे हातात असले की शेतकऱ्यांकडे जाऊन झाडं बघायला मी मोकळा.

तुझा,
काका