निवासी मदरशांत मुलांचे नेतृत्व आणि चारित्र्य खरोखर घडते का?

आपण विचारले आहे की, घरचे लोक धाकट्या भावाला निवासी मदरशात ठेवण्याचा विचार करीत आहेत आणि तेथे मुलांमध्ये नेतृत्वगुण व चारित्र्य घडते असे जे सांगितले जाते, त्यावर कितपत विश्वास ठेवावा. मी अशा एका मदरशात सात वर्षे राहून शिकलो आणि पुढे काही वर्षे शिकवलेही, म्हणून आपला प्रश्न वाचून गप्प बसवले नाही. माझे मत असे की ते घडते; मात्र मुलाला पहिला अधिकार कोणाच्या हातून मिळतो आणि तो वापरताना कोणी त्याला प्रश्न विचारतो की नाही, यावर सारे अवलंबून असते.

मला तो अधिकार सोळाव्या वर्षी मिळाला. हिफ्ज म्हणजे कुराण पाठ करणाऱ्या लहान मुलांच्या दालनाचा निगरान, म्हणजे देखरेख करणारा मोठा विद्यार्थी, म्हणून माझी नेमणूक झाली. दालनात नऊ ते बारा वर्षांची ३२ मुले होती. फजरच्या (पहाटेच्या नमाजच्या) आधी त्यांना उठवायचे, अंथरुणे गुंडाळून घ्यायची, वजू (नमाजपूर्वी हातपाय-तोंड धुणे) करवून मशिदीत रांगेने न्यायचे आणि ज्याची पहिली तकबीर, म्हणजे जमातीच्या (सामूहिक) नमाजची सुरुवात, चुकली त्याच्या नावापुढे वहीत तांबडी खूण करायची, हे माझे काम होते. दर गुरुवारी असरनंतर (दुपार उलटल्यावरच्या नमाजनंतर) ती वही वसतिगृहाच्या नाजिमसाहेबांकडे, म्हणजे व्यवस्थापकांकडे, जात असे आणि मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) ज्याच्या नावापुढे तीनपेक्षा अधिक खुणा असतील, त्याला सर्वांसमोर छडी मिळत असे. माझ्या दालनाची वही सर्वांत नेटकी असल्याचे नाजिमसाहेबांनी एकदा सर्वांदेखत सांगितले, तेव्हा मला झालेला आनंद मला आजही आठवतो, आणि त्याची लाजही वाटते.

त्या वर्षी एक दहा वर्षांचा मुलगा नवीन आला होता. आल्यापासून तिसऱ्या आठवड्यात त्याच्या नावापुढे सलग चार दिवस तांबडी खूण पडली. तो सकाळी जागा असे, पण जमात उभी राहिल्यानंतर धापा टाकत, कुडत्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या अशा अवस्थेत शेवटच्या रांगेत येऊन उभा राहत असे. मी त्याला कारण विचारले नाही, कारण वहीत कारण लिहिण्यासाठी रकानाच नव्हता. गुरुवारी त्याला छडी मिळाली. तो रडला नाही. हात कुडत्याच्या खिशात घालून आपल्या जागी जाऊन बसला. शनिवारी पहाटे मी नेहमीपेक्षा लवकर उठलो, तेव्हा तो वजूखान्याच्या कोपऱ्यातल्या नळाखाली अंधारात चादर धूत बसलेला दिसला. रात्री त्याचे अंथरूण ओले होत असे आणि इतर मुलांना कळू नये म्हणून तो ती चादर धुऊन, पिळून, आपल्या पत्र्याच्या पेटीमागे दोरीवर वाळत घालत असे. त्यातच त्याची तकबीर चुकत होती. पेटी हलवली तेव्हा मागची भिंत ओलीने काळवंडलेली दिसली.

त्यानंतरच्या आठवड्यात तो तीन वेळा उशिरा आला आणि मी एकदाही खूण केली नाही. चौथ्या दिवशी नाजिमसाहेब स्वतः शेवटच्या रांगेत उभे होते. त्यांनी वही मागवली, त्या नावापुढची कोरी जागा सर्वांना दाखवली, माझ्या कृत्याला ‘खियानत’ (विश्वासघात) म्हटले आणि माझे निगरानपद काढून घेतले. मी चादरीबद्दल सांगू लागलो, तेव्हा ते म्हणाले, “मुलांच्या मनात भीती नसेल तर शिस्त राहत नाही आणि शिस्त नसेल तर दीन (धर्म) राहत नाही.” समोर तीनशे मुले होती. त्या मुलाचे गुपित त्यांच्यासमोर उघडे करणे मला शक्य नव्हते, म्हणून मी गप्प राहिलो.

तेव्हा जे बोलता आले नाही ते येथे लिहितो. वही कोरी ठेवणे चूक होते, हे मी मान्य करतो. मी आधीच नाजिमसाहेबांना एकांतात भेटून सांगायला हवे होते. परंतु भीतीबद्दलचे त्यांचे म्हणणे आपल्याच परंपरेला धरून नव्हते. चौदाव्या शतकातील इतिहासकार इब्न खल्दून यांनी १३७७ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘मुकद्दिमा’त शिक्षणातील कठोरपणावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांचे म्हणणे असे की, धाकदपटशाने वाढवलेल्या मुलाचा उत्साह मरतो, तो आळशी होतो, मारापासून वाचण्यासाठी खोटे बोलणे व फसवणे शिकतो आणि पुढे हेच त्याच्या अंगवळणी पडते. आमच्या दालनात नेमके तेच झाले होते: एका दहा वर्षांच्या मुलाने लपवणे शिकले आणि मी खोटी वही लिहिणे शिकलो. हजरत अनस यांनी दहा वर्षे पैगंबरसाहेबांची सेवा केली आणि त्या काळात आपण कधी ‘उफ्’ एवढाही शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नाही, असे सांगितले. ही हदीस (पैगंबरसाहेबांविषयीची परंपरेने आलेली नोंद) आम्हांला त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर शिकवली जात होती.

आता आपल्या प्रश्नातील नेतृत्वाच्या भागाकडे येतो. निगरानपद गेल्यावर आमच्या नह्वच्या (अरबी व्याकरणाच्या) उस्तादांनी, म्हणजे शिक्षकांनी, मला तकरारला बसवले. इशानंतर (रात्रीच्या नमाजनंतर) वर्गातला एक विद्यार्थी दिवसाचा धडा बाकीच्यांना पुन्हा समजावून सांगतो, यालाच मदरशात तकरार म्हणतात. माझ्याकडे वर्गातील सर्वांत कच्चे पाच जण आले आणि उस्तादांची अट एकच होती की, पाचव्याला धडा स्वतःच्या शब्दांत सांगता येईपर्यंत मी किताब मिटायची नाही. कधी कधी त्यात मध्यरात्र होत असे. आपले न समजणे दुसऱ्याच्या डोळ्यांत कसे दिसते, कोण अडले असूनही मान डोलावतो, कोणाला बाजूला घेऊन विचारावे लागते, हे मी त्या दीड वर्षात शिकलो. निगरान असताना यातले मला काहीच येत नव्हते. माझ्या मते निवासी मदरशाची नेतृत्वासाठी खरी देणगी तकरार हीच आहे, आणि तिची जाहिरात कोणी करीत नाही.

थोर माणसे या संस्थांतून निघाली, यात शंका नाही. १८६६ साली देवबंद येथे दारुल उलूम हा मदरसा सुरू झाला तेव्हाचे पहिले विद्यार्थी महमूद हसन पुढे तेथेच मुख्य अध्यापक झाले आणि इंग्रजांनी त्यांना माल्टा बेटावर कैदेत ठेवले. १९९९ मध्ये इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले अब्दुर्रहमान वाहिद पेसांत्रेन म्हणजे तिकडच्या निवासी मदरशांतच शिकले होते. परंतु मला अशा नावांपेक्षा संस्थाचालकांनी स्वतःवर घालून घेतलेली बंधने अधिक महत्त्वाची वाटतात. देवबंदसाठी तिच्या संस्थापकांपैकी एक मौलाना कासिम नानौतवी यांनी जी आठ तत्त्वे लिहून ठेवली, त्यांत स्पष्ट म्हटले आहे की, सल्लागारांना आपल्या मताविरुद्धचे मत सहन होईनासे झाले की मदरशाचा पाया हलेल आणि मुहतमिमाने (मदरशाच्या प्रमुखाने) सल्लामसलत केलीच पाहिजे. जावा बेटावर १९२६ मध्ये तीन भावांनी सुरू केलेली गोंतोर ही संस्था त्यांनी १९५८ साली वक्फ (धर्मादाय मालमत्ता) करून मंडळाच्या स्वाधीन केली. म्हणजे आपल्या मुलाबाळांचा तिच्यावरचा वारसाहक्क त्यांनी स्वतःहून सोडला. तेथील दैनंदिन शिस्त बरीचशी वरच्या वर्गांतील विद्यार्थीच सांभाळतात, त्यामुळे माझ्यासारखे सोळा-सतरा वर्षांचे निगरान तेथेही असणारच. नाजिमाला जाब विचारणारा कोणी वर असेल, तरच निगरानालाही जाब देण्याची सवय लागते.

येथे हेही सांगितले पाहिजे की, माझा अनुभव मुलांच्या एका मदरशाचा आणि बऱ्याच वर्षांपूर्वीचा आहे. मुलींच्या मदरशांबद्दल मी काही बोलू शकत नाही. छडी पूर्णपणे बंद केलेले उस्ताद मी स्वतः पाहिले आहेत. कित्येक मुलांना तेथे घरापेक्षा अधिक माया मिळते, हेही खरे आहे.

भावाला पाठवायचेच असेल तर मुहतमिमसाहेबांशी दिवसा बोलून परत येऊ नका. तेथे एक रात्र मुक्काम करा. लहान मुलांचे दालन फजरच्या अर्धा तास आधी जाऊन पाहा. रात्री मुलाला बरे वाटेनासे झाले तर तो कोणाला उठवतो, हे मोठ्यांना न विचारता नऊ-दहा वर्षांच्या मुलालाच विचारा आणि त्याने एखाद्याचे नाव चटकन घेतले तर निश्चिंत मनाने भावाला ठेवा. निगरानाची वही पाहायला मागा आणि तिच्यात कारणाचा रकाना आहे की नाही ते बघा. मुक्कामाची परवानगी नाकारली, तर भावाचे सामान उतरवूच नका.