खिळ्याची खाच

बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. तुझे पेंटर बाबा गेल्यापासून तू ब्रशला हात लावलेला नाहीस, त्यांनी रंगवलेली दुकानाची पाटी दिसली की मान खाली घालून पुढे जातेस, अक्षरांचा हा अभ्यासच सोडावासा वाटतो. सगळं वाचलं, दोनदा वाचलं. सोडू नकोस, एवढंच आधी सांगते.

माझे वडील, अण्णा, कोल्हापुरात एका लहान छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणारे, होते. शिसं, कथील आणि अँटिमनीचे शेकडो खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, समोरच्या केसमध्ये, खणाखणांच्या पेटीत पसरलेले. क वेगळा, अर्धा क वेगळा, क्ष वेगळा. डाव्या हातात खिळ्यांची ओळ जुळवायची स्टिक, नजर हस्तलिखितावर आणि उजवा हात न बघता खणांवरून फिरत असायचा. मी शाळा सुटली की थेट तिथेच जायचे. एकदा त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि हातावर एक खिळा ठेवला. ‘अंगठा फिरव. खाच लागली?’ लागली. ‘ती कुठल्या अंगाला आहे त्यावरून अक्षर सुलट की उलट ते कळतं.’ तेव्हा मी आठ वर्षांची होते. तो थंडगार, इवलासा, पण जड तुकडा मला अजून हातात जाणवतो. माझं सगळं काम तिथून सुरू झालं.

त्यांच्याकडे निर्णयसागरचं एक जुनं संस्कृत पुस्तक होतं. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेला तो छापखाना, आणि राणोजी रावजी आरूंनी कोरलेली अक्षरं. रविवारी अण्णा हात धुऊन ते उघडायचे. संस्कृत त्यांना येत नव्हतं. अक्षरं बघायला उघडायचे.

एका समारंभाच्या पत्रिकेत ‘आचाऱ्यांचा सत्कार’ छापायचं होतं. ऱ्य मधला अर्धा र संपलेला. कुणी म्हणालं, रफार लावा, कोण बघतंय! अण्णा म्हणाले, मग सत्कार आचार्यांचा होईल, स्वयंपाक करणाऱ्या माणसाचा नाही. सायकलवर टांग मारून ते दुसऱ्या छापखान्यात गेले आणि तो एक खिळा उसना घेऊन आले. आज मी संगणकावर फॉन्ट करते. नवा फॉन्ट तयार झाला की मी पहिला शब्द ‘आचाऱ्यांचा’ टाइप करते, दुसरा ‘आचार्यांचा’. दोन्ही नीट उमटेपर्यंत तो फॉन्ट हातावेगळा करत नाही.

पुढे खिळ्यांशिवाय छापणारा ऑफसेट आला. छापखान्यातले खिळे वजनावर भंगारात गेले, आणि काही वर्षांनी अण्णाही गेले. एका रात्री मी त्यांच्या केसची मांडणी कागदावर काढायला बसले, कुठल्या खणात कुठलं अक्षर ते. निम्मे खण रिकामे राहिले. इतकी वर्षं शेजारी उभी होते आणि कधी विचारलं नव्हतं! त्या रात्री मी जेवढी रडले तेवढी ते गेले त्या दिवशीही रडले नव्हते. मग छापखान्यातल्या त्यांच्या सोबत्याला शोधून काढलं. म्हातारे झाले होते, दिसतही कमी होतं. त्यांना तोंडी सांगता येईना. त्यांनी डोळे मिटले, हात हवेत फिरवायला लागले आणि हात थांबेल तिथलं अक्षर बोलत गेले. मी लिहून घेतलं.

म्हणून तुला घाईने सांगते. बाबांबरोबर काम करणारे पेंटर अजून गावात आहेत, त्यांच्याकडे जा. बाबा खडूची दोरी कशी धरायचे, आधी पेन्सिलने आखायचे की थेट ब्रश टेकवायचे, कुठल्या अक्षरापासून सुरुवात करायचे, सगळं विचार. रडू आलं तर येऊ दे, वही बंद करू नकोस. पाट्यांचे फोटो काढ, मापं घे. फ्लेक्स लागला की खालची अक्षरं कुणी जपून ठेवत नाही.

त्यांच्या नावाचा फॉन्ट करायचा विचार लिहिला आहेस. करशील, पण इतक्यात नको. आधी वर्षभर नुसतं बघ.

पिठाच्या गिरणीची पाटी सगळ्यात जुनी म्हणतेस, तर तिथूनच सुरुवात कर. ‘फ्लोअर मिल’मधला ल जवळून टिपून मला पाठव. पाकळीचा ल, म्हणजे उभ्या दांड्याऐवजी पाकळी असलेला, सरकारने २००९च्या शासन निर्णयात प्रमाण ठरवला. बाबांनी तो त्याच्या कितीतरी आधी तिथे काढून ठेवलाय म्हणतेस, मला बघायचाय.

आणि त्यांचे ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतलेस का? नसतील तर आजच धू. रंग मुळाशी सुकला की केस ताठ होतात.

तुझी,
ताई