‘बोलला असावा’ आणि फ्रेंचमधला ‘सुब्झोंक्तिफ पासे’

प्रश्न असा आहे: फ्रेंचमधल्या ‘पार्ले’ (बोलणे) या नियमित क्रियापदाची सुब्झोंक्तिफ पासे (आनंद, शंका, गरज सांगणाऱ्या मुख्य वाक्यानंतर येणारं भूतकाळी रूप) या काळातली रूपं कशी करायची, आणि त्यांचं मराठी ‘बोलला असावा’ असं करावं का?

रूपांपासून सुरुवात करतो. या काळासाठी क्रियापदाचा नवा तक्ता पाठ करायचा नसतो. भूतकाळवाचक धातुसाधित (आपल्या ‘बोललेला’सारखं रूप) सहसा जसंच्या तसं राहतं, बदलतं ते त्याच्या आधी येणारं साहाय्यक क्रियापद. ‘पार्ले’चं धातुसाधितही उच्चारात ‘पार्ले’च, अगदी आपल्या विलेपार्ल्यातलं पार्ले. मूळ क्रियापद लिहिताना शेवटी आर असतो, धातुसाधितात तो जातो आणि उरलेल्या ई-वर तिरकी रेघ येते, एवढाच फरक. साहाय्यक ‘आव्हवार’ (जवळ असणे) याची सुब्झोंक्तिफ वर्तमानातली रूपं लावली की झालं (‘क’ म्हणजे ‘की’, आणि क्रम मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते): क झॅ पार्ले, क त्यु ॲ पार्ले, किल ॲ पार्ले, क नूझेयों पार्ले, क व्हूझेये पार्ले, किल्झॅ पार्ले.

कानाला सहापैकी चार ठिकाणी तोच ‘ॲ’ येतो. लिहिताना मात्र चारही वेगळे: मी-साठी ए-आय-ई, तू-साठी त्यापुढे एस, तो-साठी ए-आय-टी आणि ते-साठी ए-आय-ई-एन-टी. चुका नेमक्या इथे होतात, कारण साधा भूतकाळ ‘झे पार्ले’ आणि हा ‘झॅ पार्ले’ यांतलं अंतर बोलण्यात फारच थोडं आहे, कित्येक फ्रेंच लोकांच्या तोंडी तर ते उरतही नाही. तृतीय पुरुषात शंका राहत नाही: ‘इल आ पार्ले’चं ‘किल ॲ पार्ले’ झालेलं स्पष्ट ऐकू येतं. म्हणून कान तयार करायचा तर ‘तो’ आणि ‘ती’ची वाक्यं घ्यावीत.

येणं, जाणं, पोचणं, निघणं, पडणं, जन्मणं, मरणं अशी काही मोजकी क्रियापदं आणि सगळी आत्मवाचक (क्रिया कर्त्यावरच वळते अशी) क्रियापदं ‘आव्हवार’ऐवजी ‘एत्र’ (असणे) घेतात. तिथे ‘क झ स्वा आरिव्हे’, म्हणजे ‘मी पोचलो’ या अर्थाचं रूप. बाई बोलत असेल तर धातुसाधिताला आणखी एक ई लागते. तिचा उच्चार होत नाही, पण लिहिताना ती सोडता येत नाही.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये असं मला मनापासून वाटतं. ‘आला असावा, आली असावी’ यात आपणही धातुसाधित घेतो, त्याला लिंग-वचन लावतो आणि ‘असणे’चं विध्यर्थी रूप जोडतो. घडण तीच. फ्रेंचमध्ये ‘हीच एक चिठ्ठी त्याने लिहिली आहे’ असं म्हणायचं तर ‘से ला सल लेत्र किल ॲ एक्रित’. क्रियापद अनियमित आहे, पण पाहण्यासारखं आहे ते ‘एक्री’चं झालेलं ‘एक्रित’. लिहिणारा पुरुष असूनही धातुसाधित स्त्रीलिंगी झालं, कारण चिठ्ठी स्त्रीलिंगी. ‘त्याने चिठ्ठी लिहिली’ म्हणताना आपण तेच करतो. फरक इतकाच की फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या आधी आलं तरच हा मेळ साधतात, आपण कर्माला ‘ला’ लागलेला नसला की ते कुठेही असो, साधतो. इंग्रजीच्या आधाराने फ्रेंच शिकणाऱ्याला हा नियम घोकावा लागतो. आपल्याला तो घरचा आहे.

आता भाषांतर. घडण सारखी म्हणून अर्थ सारखा, असं नाही. मराठी ‘असावा’त तर्क आहे, बोलणाऱ्याला खात्री नाही. फ्रेंच रूप कधी यायचं हे आधीचं मुख्य वाक्य ठरवतं. ‘झ स्युई कोंताँ क त्यु ॲ पार्ले आ मारी’ याचा अर्थ ‘तू मारीशी बोललास याचा मला आनंद आहे’. बोलणं झालंय, त्यात शंका नाही, तरी सुब्झोंक्तिफ. इथे ‘बोलला असावास’ केलं तर अर्थच उलटेल. उलट ‘इल ए पोसिब्ल केल ॲ पार्ले’ला ‘ती बोलली असावी’ अगदी चपखल बसतं. आणि ‘झ न क्र्वा पा किल ॲ पार्ले’ म्हणजे ‘तो बोलला असेल असं मला वाटत नाही’. तीन वाक्यं, फ्रेंचमध्ये एकच अर्थ (आज्ञार्थ, विध्यर्थ यांतल्या ‘अर्थ’ या व्याकरणातल्या संज्ञेने म्हणतोय), मराठीत तीन वाटा. तेव्हा आधी मुख्य क्रियापद बघावं, मग मराठी रूप निवडावं.

एक सावधगिरी. इंग्रजी पुस्तकांत ‘भूतकाळी सब्जंक्टिव्ह’ या नावाखाली कधीकधी भलताच तक्ता सापडतो: ‘क झ पार्लास, किल पार्ला’. तो अपूर्ण भूतकाळाचा, बोलण्यातून गेलेला, जुन्या गद्यात भेटणारा. मुख्य वाक्य भूतकाळात किंवा संकेतार्थात (‘असं झालं तर आवडेल’ अशा प्रकारचं) असलं की पूर्वी तोच लागत असे. 26 फेब्रुवारी 1901 च्या फ्रेंच सरकारी आदेशाने परीक्षांमध्ये संकेतार्थानंतर त्याच्याऐवजी वर्तमान सुब्झोंक्तिफ चालवून घ्यायला परवानगी दिली. आज बोलताना ‘तो बोलला याचा मला आनंद झाला होता’ यालाही सुब्झोंक्तिफ पासेच वापरतात.

नावातल्या ‘पासे’नेही फसायला होतं. हा भूतकाळ घड्याळाचा नाही, मुख्य क्रियापदाच्या मागचा आहे. ‘इल फो क व्हूझेये फिनी आव्हाँ मिदी’: दुपारी बाराच्या आत तुमचं झालेलं असायला हवं. सकाळी नऊला हे वाक्य म्हटलं तर काम अजून व्हायचंय, तरी रूप पासेचं, कारण बारा वाजतील तेव्हा ते मागे पडलेलं असेल. ‘झालेलं असायला हवं’ म्हणताना मराठीही पुढच्या कामाला मागचं धातुसाधित लावते.