मॅनेजरपद नको म्हटलं तर करिअर संपतं का?

पुण्याजवळच्या चाकण, भोसरी, तळवडे या कारखान्यांच्या पट्ट्यातून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या लोकांचा एक प्रश्न आता चांगलाच ओळखीचा झाला आहे. ‘मशीनवर होतो तोवर मजेत होतो. मॅनेजर झालो आणि कामातला जीव गेला. पण आता मागे फिरलो तर लोक काय म्हणतील, आणि पुढे वाढ तरी होईल का?’ कोणी मशीनऐवजी डिझाइन म्हणतं, कोणी कोडिंग. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतून येणाऱ्यांचा प्रश्न वेगळा नसतो, फक्त त्यांच्या बोटांना ग्रीस लागलेलं नसतं. उत्तर एका माणसाच्या निमित्ताने देते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुहास, वय चाळिशीच्या उंबरठ्यावर, मूळचे साताऱ्याकडचे. डिप्लोमा करून गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात टूल रूमला, म्हणजे साचे (डाय) बनवण्या-दुरुस्त करण्याच्या विभागात, लागले आणि तिथेच टिकले. प्रोग्रेसिव्ह डायमधून (पत्र्यावर टप्प्याटप्प्याने, एकेका स्टेशनवर काम करणाऱ्या साच्यातून) पडलेला पार्ट हातात घ्यायचा, कडेची बर, म्हणजे कापताना राहिलेली खरखरीत धार, अंगठ्याने चाचपायची आणि कुठल्या स्टेशनचा पंच बोथट झालाय ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. रात्री लाइन बंद पडली की प्रेस शॉपमधून पहिला फोन त्यांनाच. साहजिकच बढती आली : डेप्युटी मॅनेजर. गावाकडे आण्णांनी पेढे वाटले, ‘पोरगा साहेब झाला’ म्हणून.

त्यानंतरचा त्यांचा दिवस त्यांच्याच तोंडून ऐकला. सकाळी रिव्ह्यू मीटिंग, मग ठेकेदाराची किती पोरं आली आणि किती आली नाहीत याचा हिशेब, शिफ्ट लावणं, दुपारभर एक्सेल, संध्याकाळी ग्राहक कंपनीच्या माणसापुढे उशीर का झाला याचं स्पष्टीकरण. डाय उघडून बघायची तर दुसऱ्या कोणाला सांगायचं आणि तो चुकीचा शिम (फट भरायची पातळ पट्टी) टाकतोय हे लांबून बघत राहायचं. पहाटे तीनला जाग यायची ती शिफ्टचा चार्ट डोळ्यांपुढे घेऊनच.

‘मॅडम, मी आळशी झालोय का? की माझी कुवतच एवढी?’

अशा वेळी मी करिअरचं बोलणं जरा बाजूला ठेवते. झोप, भूक, दारू, चिडचिड, जगण्याबद्दलचे विचार, हे सगळं आधी विचारून घेते. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर आधी डॉक्टर, राजीनामा-बढती मग. नैराश्यात माणसाला प्रत्येक नोकरी नकोशी वाटते, आणि त्या मनःस्थितीत घेतलेला निर्णय पुढे छळतो. सुहासचं तसं नव्हतं. झोप बिघडली होती, पण रविवारी भोसरीतल्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये जाऊन सरफेस ग्राइंडरवर दोन तास काढले की गडी ताजा होऊन घरी यायचा. रस मेला नव्हता, त्याला वाव मिळत नव्हता.

मग त्यांना रोजची नोंद ठेवायला सांगितली. कोणतं काम केलं आणि ते झाल्यावर कसं वाटलं, बस एवढंच, दोन ओळी. हा उपाय ऐकायला बाळबोध वाटतो, पण ‘मला मॅनेजमेंट आवडत नाही’ या ढोबळ वाक्याचे तुकडे त्यानेच होतात. सुहासना वाटत होतं की आपल्याला माणसं सांभाळणं जमत नाही. नोंदींत निराळंच दिसलं. आयटीआयहून आलेल्या अ‍ॅप्रेंटिस मुलांना क्लिअरन्स (पंच आणि डाय यांमधली फट) समजावून सांगितलेला दिवस त्यांच्या सगळ्यात चांगल्या दिवसांपैकी एक होता. म्हणजे माणसांचा कंटाळा नव्हताच. कंटाळा होता हजेरीचा, रजेवरून होणाऱ्या भांडणांचा. आणि एक गोष्ट कंटाळ्याच्या पलीकडची होती : रेटिंग.

त्यांच्या कंपनीत अ‍ॅप्रेझलला बेल कर्व्ह आहे. टीममधल्या ठराविक टक्के लोकांना वरचं रेटिंग आणि ठराविक टक्के लोकांना खालचं द्यावंच लागतं, मग सगळे चांगले का असेनात. त्या वर्षी सुहासना एका ग्राइंडरवाल्याला खालच्या खणात टाकावं लागलं. काम चोख, फक्त बोलायला कमी. त्याचं इन्क्रिमेंट गेलं. ‘तो मला अजून नमस्कार करतो, मॅडम. तेच सहन होत नाही.’ हे सांगताना ते पहिल्यांदा रडले.

या अपराधीपणाला ते स्वतःचा दुबळेपणा समजत होते. मी त्यांना सांगितलं की ही पद्धतच अशी आहे की सरळ माणसाला टोचावी, आणि ती टोचते असं मोठमोठ्या कंपन्यांनीही मान्य केलं आहे. मायक्रोसॉफ्टने ती २०१३ मध्ये बंद केली. अडोबीने त्याच्या आधीच, २०१२ मध्ये, वार्षिक रेटिंग काढून वर्षभर अधूनमधून बोलण्याची पद्धत आणली. त्याने सगळं आलबेल झालं असं मी म्हणणार नाही. रेटिंग गेलं तरी पगारवाढ कोणीतरी ठरवतंच, फक्त ते दिसत नाही. पण सुहासना हे कळणं गरजेचं होतं की टोचणी लागते म्हणून ते नालायक ठरत नाहीत.

आता मूळ प्रश्न. एमआयटीचे प्राध्यापक एडगर शाईन यांनी १९६० च्या दशकात आपल्या संस्थेतून व्यवस्थापन शिकून बाहेर पडलेल्या ४४ जणांचा दहा-बारा वर्षं माग ठेवला. त्यातून त्यांनी मांडलं की प्रत्येकाच्या करिअरला आतून धरून ठेवणारं असं काहीतरी असतं, जे माणूस निवडीची वेळ आली की सोडत नाही. कोणाला अधिकार आणि व्यवस्थापन, कोणाला स्वायत्तता, कोणाला सुरक्षितता, तर काहींना आपल्या विद्येतलं प्रावीण्य. लक्षात घ्या, ही व्यवस्थापनच शिकलेली मंडळी होती, तरी त्यातल्या काहींना मॅनेजर होण्यात गोडी नव्हती. मग टूल रूममध्ये वाढलेल्या माणसाला नसेल तर त्यात नवल काय?

हे सुहासना पटलं. आण्णांना कसं पटवायचं, हा पेच उरला. तिथे त्यांच्या पत्नीने बाजू उचलली. एकदा त्याही सोबत आल्या होत्या. मी काही विचारायच्या आधीच नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही घरी येऊनसुद्धा शिफ्टच लावत असता. पोरीने काय काढलंय ते तरी बघता का? आण्णांचं मी बघते. शेजारच्या काकांचा जावई पाषाणला शास्त्रज्ञ आहे, त्याच्या हाताखाली किती माणसं आहेत हे कोणी विचारतं का?’

बाईंनी नकळत फार नेमकं उदाहरण दिलं होतं. पाषाणला ज्यांच्या प्रयोगशाळा आहेत त्या डीआरडीओमध्ये (सरकारी संरक्षण संशोधन संस्थेत) शास्त्रज्ञ ‘बी’पासून ‘सी’, ‘डी’, ‘ई’ असे वर जातात ते कामाच्या मूल्यमापनावर आणि मुलाखतीवर. वरची जागा रिकामी होण्याची वाट बघावी लागत नाही, हाताखाली खातं असलंच पाहिजे असंही नाही. आयबीएमने १९६० च्या दशकापासून ‘फेलो’ हे पद ठेवलं आहे, तांत्रिक माणसाने तांत्रिकच राहून गाठायचं सर्वोच्च पद. म्हणजे एक शिडी व्यवस्थापनाची आणि एक तांत्रिक, ही दोन शिड्यांची कल्पना नवी नाही. आपल्याकडच्या मधल्या कारखान्यांत ती उशिरा आली, आणि आली तीही बऱ्याचदा कागदावर.

सुहासच्या कंपनीतही ‘टेक्निकल ट्रॅक’ नावाची पीडीएफ होती. अशा पीडीएफवर माझा पटकन विश्वास बसत नाही. मी त्यांना काही गोष्टी शोधून काढायला लावल्या. त्या शिडीच्या वरच्या पायरीवर आज जिवंत माणूस कोण आहे? त्याची ग्रेड आणि पगाराचा पट्टा मॅनेजरच्या बरोबरीचा आहे का? नवी डाय मंजूर करताना त्याची सही लागते की नुसतं मत विचारतात? त्याचं अ‍ॅप्रेझल कोण करतं, ज्याला त्याचं काम कळतं तो की ज्याला फक्त आकडे कळतात तो? पहिल्याच प्रश्नाला ‘अजून कोणी नाही’ असं उत्तर आलं, तर ती शिडी भिंतीवर रंगवलेली आहे असं समजून चालावं. त्यांच्याकडे एकजण निघाला, वेल्डिंगचा. सुहास त्याच्याबरोबर कँटीनमध्ये जेवले आणि एचआरकडून कळलं नसतं ते सगळं त्या जेवणात कळलं : ग्रेड बरोबरीची, व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा बदलता पगार) मात्र कमी, सही लागते.

पैशाचा भाग लोक भावनेच्या भरात विसरतात, म्हणून तो जरा सविस्तर सांगते. पद बदलताना एकूण सीटीसी तीच ठेवून बेसिक कमी करून भत्ते वाढवले जात असतील तर सावध व्हा. ग्रॅच्युइटी मुख्यतः शेवटच्या बेसिक अधिक महागाई भत्त्यावर मोजतात (नोव्हेंबर २०२५ पासून भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भागही त्यात धरतात) : ती रक्कम गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. म्हणजे आज बेसिक ७,००० रुपयांनी उतरलं आणि त्यावरच १५ वर्षांच्या नोकरीनंतर बाहेर पडलात, तर साधारण ६०,६०० रुपये गेले. मागची सगळी वर्षं नव्या, कमी आकड्याने मोजली जातात. प्रत्यक्ष बेसिकवर कापला जाणारा पीएफही त्याच प्रमाणात घटतो. सुहासना याचा पत्ता नव्हता. त्यांच्या एचआरमधल्या तरुण मुलीलाही नसावा, कारण तिने दिलेल्या पहिल्या मसुद्यात बेसिक खाली आलेलंच होतं. वाईट हेतू असेलच असं नाही, पण तो मसुदा सहीशिवाय परत गेला.

प्लांट हेडशी बोलायची तालीम आम्ही केली. पहिल्या तालमीत सुहास म्हणाले, ‘सर, मला हे जमत नाहीये.’ मी थांबवलं. हे वाक्य समोरच्याला एकच गोष्ट सुचवतं, की याच्याकडून आता काही काढून घ्यायचं. पुढच्या वेळी ते कागद घेऊन बसले. आपण मॅनेजर झाल्यापासून टूलमुळे किती वेळ प्रेस थांबल्या, कोणत्या डाय वारंवार दुरुस्तीला येतात, त्या पूर्ण वेळ आपल्या हाती आल्या तर काय करता येईल, हाताखाली तयार करायची दोन मुलं कोण, आणि शिफ्ट-हजेरीचं काम आवडीने करेल असा सहकारी कोण. प्लांट हेडना बढती परत करणारा माणूस कधी भेटला नसावा. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘दुसरीकडे ऑफर आहे का?’ नव्हती. असती तर चर्चा लवकर आटोपली असती, हे सुहासनेच नंतर हसत सांगितलं.

ज्यांच्या कंपनीत शिडीच नाही त्यांचं काय, असं कोणी विचारेल. पन्नास-साठ माणसांच्या युनिटमध्ये मालकाशी थेट बोलूनच एक पद बनवता येतं, आणि मोठ्या कंपनीपेक्षा ते कधीकधी सोपं जातं. ते होत नसेल तर कौशल्य वाढवून बाहेर बघावं. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या सरकारी संस्था नोकरदारांसाठीही अभ्यासक्रम चालवतात. आणि काहींच्या बाबतीत नोंदी वाचून उलटंही निघतं : काम आवडतंय, पण अवघड बोलणं कसं करायचं हे कोणी शिकवलंच नाही. त्यांना मी मॅनेजरपद सोडू देत नाही. निदान सहा महिने शिकून बघा म्हणते.

सुहास आता टूलिंगचे प्रिन्सिपल इंजिनिअर आहेत. ग्रेड आणि बेसिक राखलं गेलं, व्हेरिएबल घटलं, आणि घराच्या हप्त्याचा हिशेब नवरा-बायकोने बसून नव्याने मांडला. अ‍ॅप्रेंटिस मुलं त्यांच्याकडे आहेत. बेल कर्व्ह कंपनीत अजून आहे. त्या ग्राइंडरवाल्याचं रेटिंग पुढच्या वर्षी नवा मॅनेजर ठरवेल, आणि आपलं मत त्यात धरलं जावं म्हणून सुहासने एचआरला लेखी पत्र दिलं आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.